रिंगणातली टिटवी

मित्रांनो, मी टिटवी. तीच ती, जिचा आवाज ऐकला की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "मेली ओरडली, आता कुणाचा नंबर!" म्हातारी वगैरे नाही हं मी, दुसरंच वर्ष चालू आहे. पण या एवढ्याशा आयुष्यात इतकं घडलंय ना, की सांगितल्याशिवाय राहवत नाही!

माझा जन्म उघड्या माळावरचा. तिथे पुरुषभर उंचीचे दगड गोल रिंगण करून उभे आहेत. कुणी उभे केले, कधी केले, मला विचारू नका, माझ्या पणजीच्याही आधीचे आहेत ते. अंड्यातून बाहेर आले आणि अंग सुकतंय न सुकतंय तोच धावायला लागले, आमच्यात रांगणं-बिंगणं नसतं. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ कोसळेल म्हणून! साफ थाप. आभाळाचं आभाळ बघून घेईल, आम्हाला खाली बघायलाच वेळ पुरत नाही.

मोठी झाले तशी राखणीला लागले. मुंगूस आलं की माळभर पहिली हाक माझी. ससे पळायचे, तितर दडायचे, आणि मग सगळे म्हणायचे, "तू आहेस म्हणून आम्ही आहोत गं." काय फुशारले होते मी!

मग ती माणसं आली. दगडांचा अभ्यास करायला. एक बाई, त्या सगळ्यांच्या मुख्य. एक दाढीवाला, त्यांच्या हाताखाली मोजणी करणारा. आणि एक फोटोवाला. तंबू ठोकले, दोऱ्या बांधल्या, जमिनीचे चौकोन पाडले. आणि नेमकी तेव्हाच रिंगणाच्या मधोमध माझी पहिली चार अंडी! घरटं म्हणाल तर जमिनीतला एक खळगा. अंडी मातकट, वर काळे ठिपके, टोकं आत वळवून नीट मांडलेली.

ती माणसं मध्याकडे यायला निघाली की मी डोक्यावरून झेपावायची आणि जीव तोडून ओरडायची. ती दचकून वर बघायची. आता वर बघत चाललं की काय होणार? बाईंचा पाय मुरगळला. दाढीवाल्याची मोजणीची दुर्बीण तिच्या तीन पायांच्या घोडीसकट आडवी झाली.

"ही बया ओरडली की काहीतरी होतंच," फोटोवाला म्हणायचा. "खाली कुणाला पुरलंय कोण जाणे. राखण करतेय ती."

"गप रे," बाई म्हणायच्या. पण बोलताना त्यांचीही नजर वरच असायची.

एक दिवस ऊन असं तापलं की मी पोट भिजवायला डबक्यावर गेले. पोटाची पिसं ओली करून आणायची आणि अंड्यांवर बसायचं, म्हणजे ती गार राहतात. आमचे 'हे' राखणीला होते, पण ते मुंगसामागे धावले. मी परत येऊन बघते तो दाढीवाला गुडघ्यावर बसलेला, थेट माझ्या अंड्यांसमोर!

"बाई! पळत या! चार गोटे, चारही सारखे, टोकं आतल्या बाजूला! हे आपोआप होत नाही, हे कुणीतरी मांडलंय!"

खरंच होतं की! मीच मांडलं होतं!

बाई लंगडत आल्या आणि बघतच राहिल्या. "बरोब्बर मधोमध... अरे, चार दिशा आहेत या!"

"हात लावू नका," फोटोवाला म्हणाला. "बघा कशी बोंबलतेय ती."

"तुझं आपलं रोजचंच," दाढीवाला म्हणाला आणि त्याने एक उचललं. "गरम लागतंय जरा."

"उन्हातला दगड गार असतो होय?" बाई म्हणाल्या.

आणि माझं बाळ कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेलं. भर उन्हात! मी झेपावले, ओरडले, पंख मोडल्याचं सोंग करून त्यांच्यासमोर फरफटत गेले. आमच्या या सोंगाला कोल्हासुद्धा फसतो. पण फोटोवाला म्हणाला, "बघा, आता पंखच मोडला तिचा. अपशकुन हो, दुसरं काय!"

बाई आणि दाढीवाला सावलीत जेवायला गेले. फोटोवाला उरलेल्या तिघांसमोर कॅमेरा लावून बसला. तिघं तापत होती. मी काय करायचं, सांगा? चालत गेले, त्याच्या अगदी नाकासमोरून, आणि ओलं पोट टेकून बसले.

त्याने बटण दाबलंच नाही. सावलीकडे मान वळवून म्हणाला, "बाई... तुमच्या चार दिशा उबवतेय ती."

दाढीवाला हातातला घास टाकून पेटीकडे धावला. त्याने घाईघाईने कागद सोडला. "बाई, मला खरंच वाटलं..."

"बोलू नकोस. आधी ठेव."

त्याने ठेवलं, पण टोक बाहेर. मी चोचीने वळवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी खोदकाम लांबच्या टोकाला नेलं. मी ओरडले की हात जोडून म्हणायचे, "गेलो बाई, गेलो!"

मग एका सकाळी तीन कवचं तडकली. तीन पिल्लं, लगेच धावायला तयार! त्यांना गवतात न्यायलाच हवं होतं, घारी काही सुट्टी घेत नाहीत. पण मी चौथ्यावर बसून राहिले. आतून टकटक येईल म्हणून सगळं अंग कान करून बसले. काहीच आलं नाही. ऊन चढलं. गवताच्या कडेला पोचलेल्या तिघा पिल्लांनी हाका मारल्या. मी उठले.

"अगं ए!" मागून फोटोवाला ओरडला. अपशकुनी म्हणणारा तोच. "जाऊ नकोस ना, अजून एक आहे!"

मी थांबले, वळून पाहिलं. ती तिन्ही माणसं रिंगणाबाहेर उभी होती, कुणी आत पाऊल टाकत नव्हतं. मग मी गेले.

मित्रांनो, त्यांच्यावर माझा राग नाही. जुनं ते जपायलाच आली होती ती माणसं. एवढंच मागते, की काही सुंदर दिसलं तर उचलण्याआधी जरा थांबा. आणि जवळ कुणी जिवाच्या आकांताने ओरडत असेल, तर अशुभ म्हणून कान झाकू नका. ओरडण्याशिवाय आम्हाला येतं काय? नीट बघा, तिथे काहीतरी असतं, आमचं.

माझी तिन्ही पिल्लं आता उडतात. थोरली तर ओरडायलाही शिकली आहे, आणि काय कर्कश ओरडते म्हणून सांगू!