मधलं मडकं

न्हाणीच्या गवती कुडाआड तीन मडकी मांडली होती आणि माझ्या मुठीतला घेवड्याचा दाणा घामानं ओला झाला होता. बाहेरून गावप्रमुखांनी विचारलं, "डाईनेसी, पंप खोलायला बसलीस काय?" लोक हसले.

जिल्ह्याकडून बोअर एकच मिळणार होती; ती कुठं घ्यायची, ते माणशी एका दाण्याच्या मतानं ठरणार होतं. डावं मडकं वरच्या वाडीचं, उजवं आमच्या खालच्या वाडीचं, मधलं गोरखचिंचेखालच्या जागेचं. तिथून दोन्ही वाड्या सारख्याच लांब. वीस वर्षं या भागातले हातपंप मीच दुरुस्त करते. महिनाभर मी दारोदार सांगत फिरले की बोअर तिथंच घ्या, म्हणजे कुणाला कुणाच्या दारात बादली घेऊन तोंड वेंगाडावं लागणार नाही. सगळे माना डोलवायचे. वरच्या वाडीचा फिलेमोनी तेवढा खवचट हसायचा. म्हणायचा, पाना धरता येतो म्हणून हिला अक्कलही आली काय!

सकाळी सून म्हणाली, वरचे जिंकले तर पंपाला कुलूप लावणार आहेत. तिला नववा महिना. "आई, मधल्यात दाणा टाकलात तर तो त्यांच्याच फायद्याचा."

माझा हात मधल्या मडक्यावर थांबला. सुनेचं पोट डोळ्यांपुढे आलं. दाणा उजव्यात टाकला आणि बाहेर पडले.

गावप्रमुखांनी मडकी चटईवर पालथी केली. वरची वाडी त्रेचाळीस. खालची एकेचाळीस. मधल्यातून एकच दाणा घरंगळला.

वरचे नाचायला लागले. आमच्या बायका माझ्याभोवती जमल्या. म्हणाल्या, ताई, तू तरी बोललीस तशी वागलीस. गावप्रमुखही म्हणाले, बाई शब्दाची पक्की. लाज वाटत होती, तरी मी खरं सांगितलं नाही.

फिलेमोनी नाचत नव्हता. त्यानं मधलं मडकं उचललं आणि आणखी काही अडकलंय का, ते आत हात घालून चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"एकच?" तो हळू म्हणाला.

त्यानं चटईवरचा तो दाणा वेचून माझ्या तळहातावर ठेवला.

"ठेव. सगळे तुझाच म्हणतायत."

एवढं बोलून तो आपल्या जिंकलेल्या वाडीकडे निघाला, मान खाली घालून.

पाऊस सरल्यावर वरच्या वाडीत पंप बसवायला मलाच बोलावलं. कुलपाची कडीही मीच जोडली.