बिनतुऱ्याचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. लाकडाचा आहे, त्यामुळे आरवत नाही. पण आरवत नाही म्हणून मला तोंड नाही, असं समजू नका. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू कशा साखरेत घोळून बोलतात! मालकाचा हात लागला आणि जन्माचं सार्थक झालं, वगैरे. तसलं काही ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा. मला माणसं आवडत नाहीत. लहान आवडत नाहीत आणि मोठी तर मुळीच नाहीत.

मी म्हणजे मुलांचं कोडं. जाड पाटीत कोंबड्याच्या आकाराची खाच आणि त्या खाचेत बसणारे माझे तुकडे: चोच, मान, पंख, पाय, शेपटीची पिसं आणि डोक्यावरचा तुरा. सगळे नीट बसले की मी कोंबडा. नाहीतर नुसतं सरपण.

माझा जन्म एका सुतारखान्यातला. बारीक करवतीने माझे तुकडे केले तेव्हा कुणी माझी परवानगी घेतली नाही. रंगवायला एक बाई होती. तुरा तिने सकाळी रंगवला, हात ताजा असताना. काय लाल! पिकल्या मिरचीने मान खाली घालावी असा. डोळा मात्र संध्याकाळी काम सुटायच्या वेळी रंगवला. तिचं अर्धं लक्ष चपलांकडे. बुबुळ जरा वर सरकलं आणि मी जन्मभर सगळ्यांकडे डोळे वटारून बघायला मोकळा झालो. त्याबद्दल त्या बाईचे मी आभार मानतो. बाकी कुणाचे मानणार नाही.

मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर छापलं होतं: वय तीन ते पाच. एकाग्रता वाढते, हाताला वळण लागतं, आत्मविश्वास येतो. म्हणजे सगळं मीच करायचं. तेवढ्या वेळात आई-बाप काय करणार, ते कुठे छापलेलं नव्हतं.

दुकानात माझ्या शेजारी एक प्लॅस्टिकची बस होती. बटण दाबलं की आकडे गायची. दिवसभर गायची. तिचा गळा दाबावा असं मला फार वाटायचं, पण माझे पंख खोक्यात. तिथे मी आई-बाप नावाची जमात जवळून पाहिली. साधा चेंडू उचलला तरी विचारायचे, "यातून मुलाला शिकायला काय मिळतं?" तोवर मूल बाजूला रिकाम्या खोक्यात शिरून मजेत बसलेलं असायचं. त्याला हात धरून बाहेर ओढायचे आणि खोक्यातली वस्तू विकत घ्यायचे. खोकं दुकानातच टाकून जायचे, शहाणे कुठले!

एके दिवशी आमचे हे गृहस्थ आले. पँटला इस्त्री, खिशाला पेन, चेहऱ्यावर घाई. मला उचललं, उलटं केलं, पाठीवर टिचकी मारली.

"हे मुलं एकटी खेळतात का?"

"खेळतात की," दुकानदारीणबाई म्हणाल्या. "पण सुरुवातीला जवळ बसावं लागतं कुणीतरी."

"किती दिवस?"

"ते मुलावर आहे."

"अंदाजे सांगा ना. आठवडा? पंधरवडा?"

"अहो, मूल आहे ते. कुकर नाही, शिट्ट्या मोजून गॅस बंद करायला."

मला बाईंचं बोलणं पटलं. या गृहस्थांना मात्र ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी मला घेतलं, ओवायचे मणी घेतले, आकारांचा डबा घेतला आणि ती गाणारी बसही घेतली. माझं नशीबच फुटकं.

घरी एक चार वर्षांची मुलगी होती. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिच्या आईची दवाखान्यात पाळी असायची. संध्याकाळी आई कामावर जायची, बाबा कामावरून यायचे. तीच वेळ भिंगरीची आणि बाबांची. बाबांनी खिडकीखाली एक फळी ठोकली, चटई अंथरली आणि जाहीर केलं, "हा आपला शिकायचा कोपरा. एक खेळ घ्यायचा, पूर्ण करायचा, जागेवर ठेवायचा. मगच दुसरा."

हे गृहस्थ डबे भरायच्या कारखान्यात सुपरवायझर. एक खोकं भरलं की पुढे ढकलायचं आणि दुसरं ओढायचं, हा त्यांचा धर्म. तोच त्यांनी चटईवर आणला.

पहिल्या संध्याकाळी ते खाली बसले तेव्हा दोन्ही गुडघे कडकन वाजले. भिंगरी खुदकन हसली. मग माझे तुकडे उलटेसुलटे कोंबायला लागली. माझी शेपटी चोचीच्या खाचेत! मी जळफळत होतो.

"बाबा, हा पंख बसतच नाही. रुसलाय."

"रुसला नाही, उलटा आहे. फिरव. अजून थोडा. हां!"

बराच वेळ चाललं. ती त्यांच्या मांडीला टेकली, मग जवळजवळ मांडीवरच चढली. शेवटी तुरा बसला आणि मी पूर्ण झालो. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल, माझ्या तुऱ्याचं कौतुक करेल. कसलं काय! तिने मान वर करून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मी मधे होतो, पण नसल्यासारखा. तेव्हापासून मी तिच्यावर डूख धरला.

थोड्या दिवसांत मी तिच्या हातचा मळ झालो. पटापट तुकडे बसायचे. तुरा बसला की बाबा म्हणायचे, "झालं? शाब्बास!" आणि हात टेकून उठायचे. की लगेच फोन कानाला: कोणत्या रांगेवर माणसं कमी, कोणता माल अडकला. मण्यांचं तेच. माळ पुरी झाली की शाब्बास आणि उठले. आकारांच्या डब्याचं तेच. पोरगी जितकी हुशार होत गेली, तितका बाप लवकर उठायला लागला. हे गणित मला लाकडाला कळलं. तिलाही कळलं. सुपरवायझरसाहेबांना कळलं नाही.

मग एका संध्याकाळी तिने माझा तुरा चोरला.

मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा पाणी प्यायला आत गेले आणि तिने तुरा उचलून पायातल्या मोज्यात सरकवला. माझा तुरा! सकाळच्या ताज्या हाताने रंगवलेला, तो आता त्या घामट मोज्यात. मी मनातल्या मनात तिला काय काय म्हणालो, ते इथे सांगत नाही. तुमच्या घरात मुलं असतील.

"बाबा, तुरा नाही."

"नाही म्हणजे? आत्ता तर होता!"

शोधाशोध सुरू झाली. चटई झटकली, फळी चाचपली, मग बाबा जमिनीवर पालथे पडून कॉटखाली शिरले. शेजारी भिंगरीही पालथी. तिच्या हातात टॉर्च. तो ती मुद्दाम भलतीकडेच धरायची.

"इकडे धर गं. इकडे! हे काय आहे? तुझ्या आईची पिन. आणि हा माझा मोजा! वर्षभर शोधतोय मी हा."

"बाबा, ते बघ, कोळी!"

"कुठे? अरे हो. केवढा आहे! हात नको लावू."

दोघं कितीतरी वेळ त्या धुळीत पडून होते. फोन वाजला, बाबांनी घेतला नाही. हात कॉटखाली अडकला होता. भिंगरीचे गाल फुगले होते आणि डोळे चमकत होते. मी वर फळीवर टकलाने बसलो होतो आणि तिला शिव्याशाप देत होतो.

आई घरी आली. मी तिला आधीपासूनच ओळखून होतो. ती माझ्या पाटीवर चहाचा गरम कप ठेवायची. माझ्या पोटावर त्याचा गोल वळ आहे. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "ही कोंबडी कुठून आणलीस?"

कोंबडी! मला!

दुसऱ्या दिवशी बाबा मला काखोटीला मारून दुकानात गेले आणि तुकडाच कमी होता म्हणून भांडले. इतके दिवस पुरता होतो मी, हे ते सोयीने विसरले. दुकानदारीणबाईंनी वाद घातला नाही. काचेमागच्या नमुन्याच्या कोंबड्याचा तुरा काढून दिला. दुसऱ्याचा तुरा, फिकट, उन्हाने विटलेला. घरी आणून बाबांनी तो अंगठ्याने दाबून माझ्या डोक्यात कोंबला. असा अपमान शत्रूचाही होऊ नये. पण निदान टक्कल झाकलं गेलं.

दोन दिवसांत तोही मोज्यात गेला.

या वेळी बाबा पालथे पडले नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "तुला वस्तू सांभाळता येत नाहीत. आता तुरा सापडेपर्यंत कोपरा बंद. मी बसणार नाही." आणि ते खरंच बसले नाहीत. भिंगरी चटईवर एकटी बसायची, बाबा टेबलाशी फोनवर. एवढा आटापिटा करून मांडलेली चाल तिच्यावरच उलटली होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, बरी खोड मोडली.

तिसऱ्या संध्याकाळी ती उठली, टेबलापाशी गेली आणि दोन्ही तुरे बाबांच्या पुढ्यात ठेवले. एक लाल, एक विटका.

बाबांचा आवाज चढला. "म्हणजे तू लपवले होतेस? खोटं बोललीस माझ्याशी? का?"

तिचा खालचा ओठ बाहेर आला. पण रडली नाही. म्हणाली, "कोंबडा झाला की तू उठतोस."

मी मनात म्हटलं, लागला बाण. आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडेल. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललंही. ते तुरा हातात घेऊन फिरवत राहिले. आईची त्या दिवशी सुट्टी होती. ती दारात उभी राहून ऐकत होती.

आणि मग बाबांचा चेहरा खुलला. "अगं, म्हणजे हे तिला सोपं झालंय!" ते आईला म्हणाले. "लगेच संपतं, म्हणून लपवते. हुशार आहे पोरगी. तिला मोठं काहीतरी हवंय."

"तिला कोडं नकोय रे," आई म्हणाली.

"मग काय हवंय?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी घेतला. आईने खांदे उडवले आणि पाय वर करून पलंगावर पडली. आठवडाभर लोकांचे पाय दाबून आणि सुया टोचून ती थकली होती म्हणे. असेल. पण तोंडातलं एक वाक्य बाहेर टाकायला कितीशी ताकद लागते? ती जबाबदारीही तिने माझ्यावरच टाकली, आणि मला तर बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठं काहीतरी आलं. पुठ्ठ्याचं कोडं, समुद्राचं. वर निळं आकाश, खाली निळं पाणी, मधे बोटाएवढी एक नाव. शेकड्यांनी तुकडे, सगळे निळे. खोक्यावर आठ वर्षांच्या पुढे असं छापलेलं. बाबांनी ते चटईवर ओतलं, तेव्हा ढीग तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

"हे बघ. हे काही लवकर संपायचं नाही. बस आता निवांत." आणि ते टेबलाशी जाऊन बसले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

मला त्यांनी एका पिशवीत टाकलं. सोपा झालो ना मी! मणी, आकारांचा डबा, ती गाणारी बस आणि मी, असं सगळं दाराशी ठेवलं, उद्या कुणाला तरी देऊन टाकायला. दोन्ही तुरे रबर लावून माझ्या छातीवर बांधले. पिशवीचं तोंड उघडं होतं. तिथून मला चटई दिसत होती आणि मोरीचं दारही.

भिंगरी बराच वेळ हलली नाही. आकाश कुठलं आणि पाणी कुठलं, हे तिलाच काय, त्या छापणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मग तिने एक तुकडा उचलला आणि मोरीत गेली. जाळी उचलल्याचा आवाज आला. ती परत आली. दुसरा तुकडा घेऊन गेली. ना घाई, ना आवाज. बाप फोनवर कुणाला तरी सांगत होता की माल वेळेत निघाला पाहिजे.

आणि मी, जो एका तुऱ्यापायी तिला आठवडाभर शिव्या घालत होतो, पिशवीत पडून ओरडत होतो. टाक! तो मोठा टाक! कडेचा टाक, कडेच्या तुकड्याशिवाय त्याचं काही चालणार नाही! आयुष्यात पहिल्यांदा मला आरवावंसं वाटलं.

ओंजळभर तुकडे गेल्यावर ती थांबली. जाळी जागेवर ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि टेबलापाशी गेली.

"बाबा, आकाश हरवलं."

"काय हरवलं?"

"थोडं आकाश. सापडतच नाहीये."

बाबांनी कपाळाला हात लावला. आजच आणलेलं, नवं कोरं. फोनवर म्हणाले, "थांब, तुला नंतर करतो." मग उठले, टॉर्च तिच्या हातात दिला, गुडघे वाजवत खाली बसले आणि पालथे होऊन कॉटखाली शिरले. शेजारी तीही शिरली, त्यांच्या खांद्याला खांदा लावून.

आता आई-बापांनो, तुम्हाला सांगतो. तुमच्या घरातही तुकडे हरवत असतील. दुकानदाराशी भांडू नका, पोरीला वस्तू सांभाळायचे धडे देऊ नका आणि माझ्यासारखे आणखी आणून फळीवर रचू नका. आमच्या जिवावर पोरं वाढवायला आम्ही तुमचे नोकर नाही. मी उद्या सकाळी या घरातून जाणार. जिथे जाईन तिथेही कुणी माझ्याकडे बघणार नाही, हे आता मला ठाऊक आहे. गेलात खड्ड्यात.

कॉटखालून बाबांचा आवाज येतोय, "इकडे धर गं टॉर्च, इथे असेल." ती धरतेय, नेमका भलतीकडे. तुकडे केव्हाच मोरीतून वाहून गेले आहेत. शोध म्हणावं आता, जन्मभर शोध.