कमानीवरची काच

तडा वेदीच्या बरोबर वरच्या कमानीत होता. ताईने शिडीवर चढून त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, एक टोक तड्याच्या या अंगाला, दुसरं त्या अंगाला. पट्टीच्या दोन्ही टोकांपाशी दगडावर पेन्सिलीने एकेक खूण केली आणि अंतर मोजून ठेवलं. दगड केसभर जरी सरकला, तरी काच तड्याच्या रेषेवरच तुटते, कारण काचेला ताणणं जमत नाही. ती शाबूत राहिली तर महिन्याभराने चर्च उघडणार होतं. तोवर आत कोणी जायचं नाही, असा हुकूम दारावर लागला.

ताई इमारत तपासणी कार्यालयात कामाला होती आणि चर्चचे पाळक तिचे पप्पा होते. "घरचंच चर्च आहे, जमेल ना?" असं साहेबांनी तिला आधीच विचारलं होतं. "काच नातं ओळखत नाही," असं ती ऐटीत म्हणाली होती.

मंडळी चिडली. पण पप्पांनी किल्ली खिशात टाकली आणि बाकं मागच्या अंगणात काढायला लावली.

"प्रार्थना करू नका असा हुकूम असता," ते म्हणाले, "तर सगळ्यात आधी मीच आत शिरलो असतो आणि शिक्षाही भोगली असती. हा हुकूम छतापुरता आहे. तुमची डोकी फुटू नयेत म्हणून देवानेच काही माणसं नेमलीत. त्यांचं ऐकलं म्हणून देवाचं ऐकायचं राहून जात नाही."

ताईला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. दुसऱ्या रविवारी अंगणात पहिलं गीत सुरू झालं आणि आतून घंटा वाजली.

घंटा वाजवणारा तिचा धाकटा भाऊ होता. लहानपणापासून दोर त्याच्याच हातात, म्हणून सगळे त्याला घंट्या म्हणत. पप्पांच्या खिशातली किल्ली त्याने आदल्या दिवशीच लांबवली होती, शिडी लावून जाळी-जळमटंही काढली होती. आता तो दारात उभा राहून ओरडत होता, "देवाच्या घरात जायला कचेरीची परवानगी कशाला?"

एकेक करून माणसं उठली. अंगणात उरले पप्पा, ताई आणि एक बहिऱ्या मावशी, ज्यांना घंटा ऐकूच आली नव्हती. पप्पांनी तिघांसाठी उपासना पूर्ण केली. दर रविवारसारखी राज्यकारभार करणाऱ्यांसाठी प्रार्थनाही केली. पण घंटा वाजत असताना त्यांचं बोट पुस्तकावर तिच्याच तालात हलत होतं. ताईने ते पाहिलं.

नियम मोडणाऱ्याच्या घंटेवर पप्पांचं बोट नाचतं. ती शाळेत पहिली आली तेव्हा नाचलं नाही. नोकरी लागली तेव्हा "छान" म्हणून चष्मा पुसायला घेतला. तिला फार काही नको होतं. घंट्याकडे बघतात तसं पप्पांनी एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघावं.

सोमवारी सकाळी ती तपासणीला गेली तेव्हा काच फुटलेली होती.

तिने भिंग काढलं. तडकण्याच्या रेषा तड्यावर नव्हत्याच. त्या पट्टीच्या एका कोपऱ्यातून चांदणीसारख्या फाकल्या होत्या. कोपऱ्याची कपची उडाली होती आणि शेजारच्या दगडावर शिडीचा हिरवा रंग घासला गेला होता. तिने खुणांमधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. ते जराही बदललं नव्हतं. कमान जागची हलली नव्हती. जळमटं काढताना घंट्याची शिडी तेवढी लागली होती.

म्हणजे छत पक्कं होतं आणि उद्या सगळे म्हणणार होते, बघा, घंट्याचंच खरं.

दुपारी जेवताना ती एवढंच म्हणाली, "काच फुटली."

यातला शब्दन् शब्द खरा होता. घंट्याचा घास हातातच राहिला.

"फुटली म्हणजे? कमान पडणार?"

"आता साहेब ठरवतील. पाडायलाही सांगतील कदाचित."

"आणि मी सगळ्यांना तिच्याखाली बसवलं..." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हातारी माणसं होती गं ताई. पोरं होती."

ताईने वाटी पुढे ओढली. दोन घास गोड लागले. मग घंट्या उठला आणि चपला शोधू लागला.

"कुठे निघालास?" पप्पांनी विचारलं.

"कचेरीत. हुकूम मी मोडला हे मीच सांगतो. होऊ दे काय व्हायचं ते. मंडळीचा काही दोष नाही."

पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. अगदी तसंच पाहिलं! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. मोडायचं यानेच, कबूल यानेच करायचं आणि दोन्हींची शाबासकी यालाच. आपण मात्र रेषेवरून चालत राहायचं, कुणाच्या नजरेत न येता.

पप्पा तिच्याकडे वळले. "फुटली कुठून? तड्यावरून?"

काच कशी वाचायची, हे तिनेच त्यांना एकदा समजावलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कपची पडून गेली होती, हिरवा रंग ओल्या फडक्याने गेला असता. साहेबांनी तिच्या शब्दावर डोळे मिटून सही केली असती. तिला ते माहीत होतं, आणि घास गिळवेना.

"नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यावरून. याच्या शिडीने. कमान जागेवर आहे."

घंट्या मटकन खाली बसला. "अगं मग आधी सांगायला काय झालं होतं! जीव गेला होता माझा!"

"जाऊन येतो तुझा नेहमी," ताई म्हणाली. "चल, शिडी धर. नवी काच लावायची आहे. आणि या वेळी लांबून धर."

कचेरीत दोघं बरोबरच गेली. ताईने फुटण्याचं खरं कारण सांगितलं आणि घंट्याने आपला गुन्हा. साहेबांनी त्याला दम दिला आणि वर चहाही पाजला. ताईला विचारलं, "नवी काच म्हणजे महिना पुन्हा पहिल्यापासून, माहीत आहे ना?" माहीत होतंच, तो नियम तिनेच घालून घेतला होता.

मंडळीने मात्र खापर तिच्यावर फोडलं. "ताईंची काच काय आपल्याला आत जाऊ देत नाही," असं बाकं उचलता उचलता कुणीतरी म्हणालं. घंट्या कचेरीत कसा ताठ उभा राहिला, याची गोष्ट तोवर तिसऱ्यांदा सांगून झाली होती.

रविवारी अंगण पुन्हा भरलं. किल्ली परत पप्पांच्या खिशात होती. घंट्या ताईच्या बाकापाशी येऊन म्हणाला, "सरक जरा." ती सरकली, पण पुरेशी नाही.

पप्पांनी राज्यकारभार करणाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. ठरलेली वाक्यं झाली. आमेन म्हणायला सगळ्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पा थांबले आणि म्हणाले, "आणि जी माणसं काचा लावतात, त्या पुन्हा बघायला जातात आणि दिसलं तेच सांगतात, त्यांच्यासाठी."

लोक हसले. ताईने डोळे उघडले. पप्पांचे डोळेही उघडे होते आणि ते तिच्याकडेच बघत होते.

तीही बघत राहिली. म्हणूनच तिचं आमेन जरा उशिरा आणि अगदी हळू निघालं. शेजारून घंट्याने मात्र खणखणीत, अंगणभर घुमेल असं आमेन ठोकलं, आणि सगळ्यांनी माना वळवून कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं.