कुरडयांचा उखाणा

उर्वशीचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळे खूश, एकटी नवरी सोडून. नवरा पसंत होता, बोरी अरब गावचं घर पसंत होतं. भीती होती ती उखाण्याची. माझी ही भाची बोलताना अडखळते, त्यातून नवऱ्याचं नाव प्रफुल्ल. 'प्र'वर ती अशी अडायची की डोळ्यांत पाणी यायचं. आणि रुखवतापुढे नवरीकडून उखाणा वदवल्याशिवाय आमच्याकडच्या बाया जागच्या हलत नाहीत.

तोड काढली तिच्या धाकट्या बहिणीनं, ममतानं. ती अमरावतीला चित्रकलेच्या कॉलेजात अक्षरांचं काहीबाही शिकत होती. त्या वर्षी कापूस मातीमोल गेलेला, म्हणून रुखवतात भांडीकुंडी नकोत, घरचं खायचंच मांडा, असं दोन्हीकडून ठरलं होतं. ममता म्हणाली, "मंग खायाच्या वस्तूंनीच उखाणा लिहू. लोकं वाचतीन, ताईले तोंड उघडाचं कामच नाही!"

झालं. महागावच्या आमच्या गच्चीवर दोघी सोऱ्या घेऊन बसल्या. कुरडईच्या चिकाचा 'प', मुगवड्यांचा 'व', वाळल्या मिरचीची वेलांटी. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तर गायबच! मी म्हटलं, "बाई, हे वाचता येईन का कोणाले?" तर ममता म्हणे, "मावशी, अक्षर आधी पाहाचं असते." शिकलेल्या पोरींपुढे बोलायची सोय नाही.

मांडवात रुखवत मांडलं. काय देखणं दिसत होतं! बायांची, माणसांची गर्दी झाली, आणि कोणालाही एक अक्षर लागेना. निवृत्त हेडमास्तर बबनरावांनी चष्मा पुसला आणि 'प्र'कडे बोट करून "एकशे पाच" असं ठणकावून सांगितलं. ममताचं तोंड एवढंसं झालं. उर्वशी तर रडायच्या बेतात.

शेवटी ममताच वाचायला पुढे झाली, तर नवरदेवाच्या आजीनं, रुखमाबाईंनी, तिला अडवलं. "थांब वं पोरी. मी तं शाळेत गेलीच नाही. मले माही नातसून वाचून दाखवन." आणि आपलं बोट त्यांनी उर्वशीच्या हातात दिलं.

उर्वशीनं ते बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. "चु." आजी म्हणाली, "चु." मग 'ली', मग 'व', मग 'र'. एकेक अक्षर, मध्ये हवा तेवढा वेळ. मागच्या बायाही सुरात म्हणू लागल्या. मला वाटलं, जमतंय! आणि 'प्र' आला.

"प्... प्... प्..." उर्वशी अडकली. पण आजीनं शहाण्या विद्यार्थिनीसारखं बोट दाबून धरलं आणि म्हटलं, "प्... प्... प्..." मागून सगळा मांडव, "प्... प्... प्..." त्यांना वाटलं, हे अक्षर असंच वाचायचं असतं! बबनरावसुद्धा म्हणत होते.

उर्वशीनं मान वर करून त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि तिला जे हसू फुटलं, त्या हसण्यातच 'प्र' निघून गेला. पाठोपाठ 'फु', 'ल्ल' आणि उरलेलं सगळं.

"चुलीवर वरण, तव्यावर पोळी, प्रफुल्लरावांची बायको नाही भोळी!"

मांडव दणाणला. आजी म्हणाली, "अजून एक डाव वाच." तिनं वाचलं. पंगतीची पानं मांडून झाली, नवरदेव ताटकळला, तरी उर्वशी रुखवतापुढेच होती. आता तिसऱ्यांदा वाचत होती, आणि कोणी सांगितलंही नव्हतं.