खड्यावरची टाचणी

माझ्या तोंडाला कुलूप लागतं ते वर्षातून एकदाच, गौरी आणायच्या दिवशी. आमच्याकडे गौरी खड्यांच्या. घरच्या सवाष्णीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, वाहत्या पाण्यातून पाच खडे उचलायचे आणि मुक्याने घेऊन यायचे. उचललेला खडा वाटेत खाली टेकवायचा नाही. मधेच बोललं, तर खडे पाण्याला परत आणि सगळं नव्याने. एरवी मला गप्प करणं आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

यंदा मी हट्टाने उदयनगरच्या जंगलातला ओढा निवडला. आमच्या देवासला पाणी नाही असं नव्हे. पण हे दर पावसाळ्यात त्याच ओढ्यावर टाचण्यांचे फोटो काढायला जातात आणि यंदा एकदाही गेले नव्हते. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. बसली की पंख पाठीवर मिटून घेते. ह्यांच्याकडे तिचे ढिगाने फोटो आहेत. नाही तो एकच. पाण्यातली अळी वर चढते, कात टाकते आणि तिची टाचणी होते, तेव्हाचा. त्या एका फोटोपायी ह्या माणसाने कित्येक श्रावण-भाद्रपद चिखलात काढलेत.

यंदा का जात नाही विचारलं तर म्हणाले, "डोळे दुखतात." डोळ्यांना काही झालेलं नाही. हात थरथरतात, आणि ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मी हल्ली त्यांचा कप अर्धाच भरते, ते मुकाट्याने दोनदा चहा मागतात. परवा जेवताना एकदम म्हणाले, "कॅमेरा मननला देऊन टाकू, गौरी झाल्या की." मनन आमचा मुलगा. मला असा राग आला! कॅमेरा घराबाहेर गेला की हे खुर्चीत बसणार आणि उठायचे नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून कॅमेऱ्याची पिशवी मीच गाडीत टाकली. कॅमेरा टेकवायची तिपाई त्यांच्याकडे नाहीच. हाताचा भारी अभिमान.

गाडी सुनेने चालवली, देवश्रीने. ओढ्यापासून गाडीपर्यंत मुकं राहायचं, पुढे सूट, असा निर्णय मी दिला. देवासपर्यंत चूळ धरून कोण बसेल?

देवश्री काठावर घंटा वाजवत उभी राहिली. मी साडी खोचून पाण्यात उतरले, चूळ भरली, चार खडे पदरात घेतले. पाचवा अर्धा पाण्याबाहेर होता. उचलला आणि पाहते तर त्याला एक मळकट किडा चिकटलेला. बोटाने उडवून देणार, तेवढ्यात त्याची पाठ उकलली.

मी होते तिथे थिजले. त्या फटीतून काहीतरी फिकट, ओलं वर फुगत होतं. आधी पाठ आली, मग डोकं. त्या एवढ्याशा डोक्याला दोन्ही बाजूंना डोळे! मला हाका मारायच्या होत्या, आणि तोंडात चूळ.

"सरला, चल ना जल्दी!" ह्यांचा आवाज आला. "इथे काय समाधी लावलीस? देवश्री बिचारी कबसे घंटी वाजवतेय!"

मी नाकातून हूं हूं केलं. ते कुरकुरत पाण्यात आले. "पाय घसरला ना, तर मी उचलणार नाही हां, आधीच सांगून..." आणि त्यांची नजर खड्यावर गेली.

"आई, मी मोबाइलवर खेचून घेऊ का?" देवश्री काठावरून म्हणाली.

"हलू नको! पाणी हलेल," ते कुजबुजले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी पाहत होते. कॅमेरा नुसता नाचत होता. त्यांनी फोटो काढला, पडद्यावर पाहिला, पुन्हा काढला. कोपर पोटाशी दाबून पाहिलं. मग कॅमेरा खाली केला आणि इतक्या हळू म्हणाले, "नाही होत गं."

एका हातात खडा, पदरात चार, तोंडात पाणी. उरलेल्या हाताने मी त्यांच्या कॅमेऱ्याची पुढची नळी धरली आणि ओढून माझ्या खांद्यावर ठेवली.

ते माझ्या मागे आले. त्यांचा श्वास कानाशी लागत होता. मी माझा श्वास आवरला.

आणि मग जे झालं ते मी हाताच्या अंतरावरून पाहिलं. तिने जोर करून उरलेलं अंग बाहेर खेचलं. रिकामी कात खड्याला तशीच धरून राहिली, हीच आपली मोकळी. पंख म्हणजे पिळून टाकलेला मलमलचा रुमाल. पाहता पाहता ते उलगडायला लागले. कोणी ओढत नव्हतं, कोणी फुंकत नव्हतं. बोटभरही नसलेलं अंग लांब होत गेलं आणि पंखांवर रेघा उमटल्या, इतक्या बारीक की त्या काढणाऱ्याचा मला धाकच वाटला. माझा हात भरून आला होता, तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. गौरींपुढे मी जन्मभर हात जोडले. पण देवी तळहातावर उभी राहिली तर काय वाटेल, ते मला त्या ओढ्यात कळलं. मी घाबरले होते. डोळे भरले तर पुसायलाही हात नव्हता.

कॅमेरा खांद्यावर टकटक करत राहिला.

ऊन अंगावर आलं तशी ती थरारली, आणि नव्हती. कुठे गेली तेही दिसलं नाही.

ह्यांनी पडद्यावर पाहिलं. पंखांची रेघ न रेघ आली होती. किती वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मिळालं. आता मननला देऊन टाकायला हरकत नाही."

मी चूळ थुंकले.

"कोणाला देताय? हात हलतो ना, हलू दे! खांदा हलला का माझा?"

"आई, बोललात!" देवश्री ओरडली. "आता गौरी?"

"पुन्हा उचलीन," मी म्हटलं आणि पाचही खडे पाण्यात सोडले.

हे माझ्याकडे बघत राहिले. "तुला माहीत होतं?"

"तुमचं मला न कळता काही राहिलंय का आजवर?"

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवायला त्यांना जरा वेळ लागला. मी मदत केली नाही. मग त्यांनी पलीकडच्या लव्हाळ्याकडे थरथरतं बोट केलं.

"तिकडे देख, अजून एक चढतेय," म्हणाले. "चल, खांदा आण."