आडाळी आणि भांगेचे थेंब

माझी पाठ गेली ती श्रावणात. लोखंडी कपाट एकटीने सरकवलं, आणि वर आमचे हे, गुणाजीराव, पंखा पुसायला चढलेले. उतरा म्हणायला वेळ कुणाला होता?

सून रुपाली म्हणाली, आई, आता खाली बसणं बंद. मासे बाजारातून कापून आणायचे आणि आडाळी भंगारवाल्याला. आडाळी म्हणजे आमची विळी. चाळीतून टॉवरमध्ये आलो तेव्हा टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलेली. धार अशी की कापलेल्या बांगड्याला पत्ता लागायचा नाही, तुकडे कालवणात पोहत असायचे. गणपती होईपर्यंत घरात मासा नाहीच, तेवढी मुदत मी मागून घेतली.

मग रुपालीने मला हिंदमाताजवळ इरावती वैद्यांकडे नेलं. त्यांनी विजयाचं औषध लिहून दिलं. विजया म्हणजे भांग. मी रुपालीकडे बघितलं, ती कॅलेंडर बघत बसली. मला तिथेच कटाचा वास आला. आमच्या कुशाबामामाने शिमग्याला भांग घेतली आणि माडावर चढला तो पाडव्यालाच उतरला, वरच मिशी वाढवून. म्हातारीला गुंगवायचं आणि आडाळी पळवायची, दुसरं काय?

वैद्यीणबाईंनी नीट समजावलं. थेंब जिभेखाली धरले की लवकर लागू पडतात. गोळी पोटातून जाते, उशिरा लागते पण टिकते. उशीर झाला म्हणून लोक दुसरी घेतात आणि गरगरतात. चोळायचं तेल तिथल्या तिथे, डोक्याकडे जात नाही. मी म्हटलं, तेलच द्या, झोपली तर कंबर झोपेल. पण त्यांनी तिळाच्या तेलातले थेंबही दिले, अगदी थोडे, आणि बजावलं की एक जास्तीचा घ्यायचा नाही.

रात्री जेवल्यावर रुपाली थेंब द्यायची आणि तेल चोळायची. हळूहळू पाटावर बसता यायला लागलं. पण थेंबांची बाटली भराभर उतरत होती. रुपाली मला जास्त पाजतेय, नक्की. दुपारी डोळा लागायचा तो काय उगाच? मी बाटलीवर कुंकवाची रेघ मारली. दुसऱ्या संध्याकाळी थेंबांचं तेल रेघेच्या बोटभर खाली.

दुसरी बाटली मागायला गेलो, तर वैद्यीणबाईंना माझाच संशय आला. आजी, चोरून घेता का? असं असेल तर थेंब बंद. आता आली का पंचाईत? थेंब बंद म्हणजे पाठ गेली, पाठ गेली म्हणजे आडाळी गेली.

तिन्हीसांजेला मी सोफ्यावर डोळे मिटून पडले. घोरलेसुद्धा, पण बेताने. गुणाजीराव देवापुढे आले. आमच्याकडे नवं औषध आधी देवापुढे ठेवून गाऱ्हाणं घालतात, तेव्हापासून बाटली तिथेच होती. त्यांनी ती उचलली आणि थोडं तेल निरांजनात ओतलं.

"काय चाललंय?" मी उठून बसले.

"देवाक दाखवलंय ना, मगे तेचो वाटो नको? तिळाचाच तेल ता."

तेलात भांग आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि रोज आरतीला हे एवढे का डोलायचे, तेही मला तेव्हाच कळलं. वर मला म्हणतात, तुझी पाठ थेंबांनी नाय, दिव्यानेच बरी झाली. रुपालीने फोन करून वैद्यीणबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या, म्हणे. नवी बाटली कपाटात गेली, कुलुपात.

गणपती गेले. रविवारी मी आडाळीवर बसले आणि सगळे बांगडे कापले. रुपाली दारात उभी राहून बघत होती.

"आता उठून दाखवा," ती म्हणाली.

बसणं जमलं होतं. एकटीने उठण्याचं मी अजून बघितलंच नव्हतं.

"उठते कशाला? फ्रीजमधली कोळंबी आण, तीपण सोलते."

तिने आणली. माझ्याकडे एकदा बघितलं, आडाळीकडे एकदा बघितलं, आणि समोर पाट टाकून स्वतःच सोलायला बसली. भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. पण हसत होती, म्हणून मला अजून संशय आहे.