बोटाएवढी कुपी

असुंता वर्लेझाने निळ्या गणवेशाच्या कोटावरून तिसऱ्यांदा इस्त्री फिरवली, कोट हँगरला लावला आणि कपाटात ठेवून दार ओढून घेतलं. ओवेन टियर्नी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून हे बघत होता. कॅप्टनने दिलेली तारीख त्याने अजून तोंडातून काढलीही नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये ती नाही म्हणाली होती, नोव्हेंबरमध्ये नाही म्हणाली होती. आता डिसेंबर लागला होता. स्टेटन आयलंडच्या त्या गल्लीत दारांवर नाताळची तोरणं चढली होती, आणि तिच्या एकुलत्या एका मुलाची, जेरार्डची, अंत्ययात्रा अजून निघायची होती.

जेरार्ड आणि ओवेन ब्रुकलिनच्या एकाच अग्निशमन ठाण्यातले. सप्टेंबरच्या त्या मंगळवारी, जुळे मनोरे कोसळले त्या दिवशी, ओवेनची सुटी होती. जेरार्डची पाळी संपत आली होती, बूट काढून तो घरी निघायच्या बेतात होता. घंटा झाली तसे त्याने बूट पुन्हा चढवले. ठाण्यातून त्या गाडीवर सहा जण गेले आणि एकही परतला नाही. मग खात्याने प्रत्येक घराला एकेक माणूस दिला. कागदपत्रं बघायला, गाडी चालवायला, दार वाजवायला. वर्लेझांच्या घराला ओवेन आला. तीन महिन्यांत त्याने तिचा बॉयलर दुरुस्त केला, पन्हाळीतली पानं काढली, आणि रोज एका माणसाला झेपणार नाही एवढं जेवला.

"मिसेस व्ही, बाकीच्या घरांनी नुसती प्रार्थना केली," तो म्हणाला. "फोटो ठेवला, हेल्मेट ठेवलं. तेही चालतं."

"त्यांना चाललं. मी काय पुरू, पोरा? फोटो?"

 एक दिवसाआड ओवेन त्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर बादली आणि हातफावडं घेऊन गुडघ्यांवर बसत होता, आणि तिथे काय मिळतं, काय मिळत नाही, हे त्याच्या नखांना ठाऊक होतं. जेरार्डचं शेवटचं दर्शन एका परक्या बाईला झालं होतं. विम्याच्या कचेरीतली ती बाई जिना उतरत होती. तिने पत्रात लिहिलं होतं, की सव्विसाव्या मजल्यावर खांद्यावर पाण्याची नळी घेतलेला एक दांडगा माणूस भिंतीला टेकून धापा टाकत होता, चेहरा बिटासारखा लाल, छातीवर वर्लेझा लिहिलेलं. तशातही उतरणाऱ्या प्रत्येकीला अंग चोरून वाट देत तो म्हणत होता, उजवा कठडा धरा बाई, घाई नको, खाली ऊन छान पडलंय. आणि दम येताच तो वरच्या पायऱ्यांकडे वळला होता. खाली नाही, वर.

त्या आठवड्यात ठाण्याच्या स्वयंपाकघरात कॅप्टन शुल्त्सने एक गोष्ट काढली. काही वर्षांपूर्वी रक्तपेढीची गाडी ठाण्याठाण्यांतून फिरली होती. कुणा अनोळखी रोग्याला अस्थिमज्जा जुळली तर द्यायला म्हणून जवानांनी रक्ताचे नमुने दिले होते. ते नमुने पेढीने जपून ठेवलेत. काही घरांनी ते मागून घेतले, आणि तेच पुरले.

 सगळ्यांना तो दिवस आठवत होता. नर्सने सुई काढली मात्र, आणि सहा फूट तीन इंचांचा, दोनशे तीस पौंडांचा जेरार्ड कचरा टाकून येतो म्हणून मागच्या दाराने जो सटकला, तो गाडी गेल्यावरच उगवला. त्याला सटकताना ओवेननेच पाहिलं होतं आणि ओवेननेच त्याला नाव पाडलं होतं: मागचं दार. सहा वर्षं ते चाललं. कुणाला खरचटलं तरी कुणीतरी म्हणायचं, जेरार्डला बाहेर न्या रे, पट्टी बघून पडेल. जेरार्ड चुलीपाशी उभा राहून मीटबॉल उलटवायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

"विचारून बघायला काय जातं," कॅप्टन म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

ओवेनने फोन लावला. पलीकडच्या बाईने नाव दोनदा विचारून घेतलं आणि ती बराच वेळ गायब झाली. ओवेन भिंतीवरच्या कामाच्या तक्त्याकडे बघत उभा राहिला. भांडी घासायच्या पाळीत जेरार्डचं नाव अजून कुणी पुसलं नव्हतं.

बाई परत आली. नमुना आहे, म्हणाली. पण तारीख ठाण्याच्या भेटीची नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. हे गृहस्थ एकटेच आमच्याकडे आले होते. शेऱ्यात लिहिलंय, चक्कर आली, दोन तास झोपवून ठेवलं.

ओवेनने फोन ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.  मग कॅप्टनने चष्मा काढून डोळे चोळले.

"आणि सहा वर्षं त्याने आपल्याला बोलू दिलं," तो म्हणाला. "बदमाश."

दुसऱ्या दिवशी ओवेनने तिला सांगितलं तेव्हा असुंता सॉस ढवळत होती. तिने गॅस बंद केला.

"सुई? माझा जेरार्ड?"

"तुमचाच."

ती बसली. सातव्या वर्षी तो डॉक्टरच्या टेबलाखाली कसा शिरला, तिघी नर्सनी मिळून त्याला कसा बाहेर ओढला, आणि मोठा झाल्यावरही सुई म्हटलं की तो कसा पांढराफटक पडायचा, हे तिने सावकाश, एकेक करून सांगितलं. जणू ते आधी नीट मांडून घ्यावं, आणि मगच पुढचं विचारावं.

"कुणासाठी दिलं त्याने?"

"कुणा एकासाठी नाही. पुढेमागे ज्याला लागेल त्याच्यासाठी."

"ओळखीचा नसला तरी?"

"ओळखीचा नसला तरी."

ती हातातल्या लाकडी पळीकडे बघत राहिली. पळीवरून सॉसचा एक थेंब ओघळला, तिने तो बोटाने पुसला.

"शनिवार चालेल का तुमच्या कॅप्टनला?" तिने विचारलं.

शुक्रवारी सह्या करून ओवेनने कुपी आणली. बोटाएवढी काचेची कुपी, पांढऱ्या फोमच्या डब्यात. येताना पुलावर सबंध वेळ तो डबा त्याच्या मांडीवर होता, आणि एका हाताने त्याने गाडी इतकी हळू चालवली, की मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला. असुंताने डबा दोन्ही हातांनी घेतला. पेटीत मीच ठेवणार, आणि त्या वेळी खोलीत कुणी नको, एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी ती अंत्यविधीवाल्याकडे गेली, दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, की लावा आता झाकण.

शनिवारी सकाळी चर्चबाहेर अंत्यविधीवाला कॅप्टनजवळ आला. पूर्ण मापाची पेटी आहे आणि आत जवळजवळ काही नाही, तेव्हा उचलताना तोल जातो, खांद्यावर हिसका बसतो, असं तो कानाशी लागून सांगू लागला. अशा वेळी आम्ही तळाशी वाळूची पिशवी ठेवतो. कुणाला कळत नाही.

"वाळू नको," कॅप्टन म्हणाला. "आम्ही जेरार्डला उचलतोय. त्याचं वजन आम्हाला माहीत आहे."

आणि कॅप्टन, ओवेन अशा ठाण्यातल्या सहा जणांनी ती पेटी उचलली तेव्हा ओवेनने बाजूला उभ्या आपल्या माणसांचे चेहरे बघितले नाहीत, पुढच्याचे खांदे बघितले. खांदे खाली गेले होते. पायऱ्यांवर सहाही जण पाऊल चाचपून टाकत होते, दोनशे तीस पौंड घेऊन उतरावं तसे. पेटी कुठे हलली नाही, हिसकली नाही. बॅगपाइपवाले पुढे झाले.

त्या दिवशी शहरात असल्या आणखी चार अंत्ययात्रा होत्या. एरवी अशा वेळी रस्त्याच्या दोन्ही कडांना हजारो निळे कोट उभे राहतात. आता हजार आणायचे कुठून? म्हणून टोरांटोहून जवान आले होते, बफेलोहून आले होते, कुणी रात्रभर बसचा प्रवास करून आलं होतं. काही ढिगाऱ्यावरून तसेच निघाले होते. कोट स्वच्छ, हातमोजे पांढरे, आणि कानांमागे राखाडी धूळ. जेरार्डला बघितलेलं त्यांत कुणी नव्हतं. पेटी आगीच्या बंबावर चढवली तेव्हा सगळ्यांचे हात एकाच वेळी कपाळाशी गेले.

दफनभूमीत वारा होता. पाद्र्यांची प्रार्थना संपली, पेटी पट्ट्यांवर खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेली, आणि माणूस पट्ट्या सोडायला वाकला, तेव्हा असुंताने हात वर केला.

"थांबा. तो त्यात नाही."

सगळे थांबले. तिने उजव्या हाताचा काळा मोजा दातांनी ओढून काढला आणि मूठ उघडली. तळव्यावर कुपी होती.

ओवेन पुढे झाला. ती फक्त त्याच्याशी बोलावं तशी बोलली, पण शांतता अशी होती की सहाही जणांना ऐकू आलं.

"तू आणलास तेव्हा बर्फ होता रे नुसता. काल तिथे पेटीपाशी उभी राहिले, हात पुढे जाईना. इतका गार, अन् जमिनीत कसा ठेवू? रात्रभर मुठीत धरलाय. पण माझे हात म्हाताऱ्या बाईचे. ऊब धरत नाहीत."

अंत्यविधीवाला काहीतरी बोलायला लागला. कॅप्टन शुल्त्सने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने आपला पांढरा हातमोजा काढला, काखेत दाबला, आणि हात पुढे केला.

असुंताने कुपी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने मूठ मिटली, वरून दुसरा हात झाकला आणि डोळे मिटून उभा राहिला. मग त्याने ती शेजारच्याला दिली. एकामागून एक हातमोजे निघाले. कुणी कुपी छातीशी धरली, कुणी कोटाच्या आत काखेशी नेली, एकाने तर तोंडाशी मूठ नेऊन तिच्यावर हळूच फुंकर घातली. कुणालाही घाई नव्हती. दफनभूमीच्या रस्त्याकडेला येऊन उभ्या परगावच्या माणसांना काय चाललंय ते दिसत नसावं, पण पेटी येताच पुन्हा कपाळाशी गेलेले त्यांचे हात खाली आले नाहीत.

सहावा ओवेन. त्याने मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

"झाला का रे गरम?" असुंताने विचारलं.

"झाला."

तिने त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली, उघडली नाही, वरूनच चाचपली.

"हं," ती म्हणाली. "आता निजव त्याला."